दुकानाचा ब्रँड घेताना…

डी-मार्टचा ‘प्रेमिया’, रिलायन्सचा ‘गुड लाइफ’, बिग बास्केटचा ‘बीबी रॉयल’ हे दुकानांचे स्वतःचे ब्रँड. जाहिरात आणि वितरकांचं कमिशन यांवरचा खर्च वाचतो, म्हणून ते बहुधा स्वस्त पडतात. दर्जा मात्र पाकीट उलटं करूनच पाहावा.

■ माल कुणाचा? ‘निर्माता’ आणि ‘विपणन’ या दोन ओळी वाचा. दुकान बहुतेकदा माल दुसऱ्याच कारखान्यातून बनवून घेतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) १४ अंकी परवाना क्रमांक खाद्यपदार्थाच्या पाकिटावर हवाच.

■ बिनधास्त घ्या : साखर आणि मीठ. खाण्याच्या मिठात आयोडीन सगळ्याच ब्रँडना बंधनकारक आहे. डाळ-तांदळात नावापेक्षा दाणा पाहा : तुकडा किती, खडे किती, डाळ जुनी तर नाही?

■ तुलना करून घ्या : घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. केचपमध्ये टोमॅटोच्या आधी साखर आली, तर साखरच जास्त.

■ साबण : आंघोळीच्या साबणावर ‘टीएफएम’ (एकूण स्निग्धांश) शोधा. ७६ टक्के किंवा अधिक म्हणजे पहिली प्रत, ७० दुसरी, ६० तिसरी.

■ दर काढा : ९०० ग्रॅम ९९ रुपयांना म्हणजे किलोला ११०. शेजारचं किलोचं पाकीट १०५ला असेल, तर तेच स्वस्त.

■ चव : चहा-मसाल्यांत मिश्रणाचं प्रमाण बदललं की चव बदलते. आधी लहान पुडा आणा.