लहान ग्रंथालयांचें शिक्षण व अनुदान

आपल्यापैकीं बहुतेकांच्या घराजवळ एखादें लहान सार्वजनिक वाचनालय असतें. दोन खोल्या, पांच-सहा कपाटें, वर्तमानपत्रांचें एक लांब टेबल आणि सकाळ-संध्याकाळ कांहीं तास बसणारा एक ग्रंथपाल, एवढाच त्याचा पसारा. वर्गणी अल्प आणि पुस्तकांच्या किंमती मात्र वाढत्या. अशा संस्थेला पैसा कोठून मिळतो, कोणत्या अटींवर मिळतो, आणि तेथें काम करणारास त्या कामाचें शिक्षण कोठें घेतां येतें, या तीन प्रश्नांचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे. हे तीनही प्रश्न परस्परांत इतके गुंतलेले आहेत कीं, एकास सोडून दुसऱ्याचें उत्तर देतां येत नाहीं.

या विचाराचा आरंभ आपल्याकडे बडोद्यास झाला. सयाजीराव महाराजांनीं १९०६ सालीं आपल्या राज्यांत प्राथमिक शिक्षण सर्वत्र सक्तीचें केलें. परंतु शाळेंत अक्षरओळख झालेल्या मुलास पुढें वाचावयास कांहींच न मिळालें, तर थोड्याच वर्षांत तो तें अक्षर विसरतो, आणि शाळेवर झालेला खर्च वायां जातो. म्हणून शाळेच्या पाठोपाठ वाचनालय आलें पाहिजे हें त्यांनीं ओळखलें. १९१० सालीं त्यांनीं अमेरिकेंतील न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांस बडोद्यास पाचारण केलें, आणि बॉर्डन यांनीं १९११ सालीं ग्रंथपालांचा शिक्षणवर्ग उघडला. हिंदुस्थानांतील या विषयाचा पहिला वर्ग म्हणून त्याचा उल्लेख होतो. पुढें १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ नांवाचें नियतकालिक बडोद्याहून निघूं लागलें, आणि त्यांत इंग्रजीबरोबर गुजराथी व मराठी मजकूरही असे.

बडोद्याची अनुदानाची पद्धति तर आजही मनन करण्यासारखी आहे. ग्रामस्थांनीं वाचनालयासाठीं जी रक्कम जमवावी, तेवढीच स्थानिक पंचायतीनें द्यावी आणि तेवढीच सरकारनें घालावी, असा ठराविक मर्यादेपर्यंतचा नियम होता. म्हणजे गांवानें पन्नास रुपये जमविले कीं त्यांचे दीडशें होत. गांव स्वस्थ बसल्यास सरकारही स्वस्थ बसे. यांतील मर्म असें कीं, ज्यानें रुपया दिला आहे तो त्या रुपयाचें काय झालें हें विचारावयास येतो, आणि विचारावयास आलेला मनुष्य पुस्तकही घेऊन जातो. अमेरिकेंत अँड्र्यू कार्नेगी यांनीं आपल्या देणगींतून १,६८९ ग्रंथालयांच्या इमारती उभ्या केल्या, त्यांची अटही याच जातीची होती. जागा गांवानें द्यावी, आणि देणगीच्या एक-दशांश इतकी रक्कम दरसाल करांतून ग्रंथालयाच्या चालू खर्चासाठीं काढून ठेवावी, तरच कार्नेगींचा पैसा मिळे. इमारत एकदां बांधली जाते. ग्रंथपालाचा पगार मात्र दरमहा द्यावा लागतो, हें त्या व्यवहारी दात्यानें जाणलें होतें.

मुंबई सरकारनें १९३९ सालीं असफ फैजी यांच्या अध्यक्षतेखालीं ग्रंथालयांच्या वाढीचा विचार करण्यासाठीं समिति नेमली. तिच्या शिफारशी १९४७ पासून हळूहळू अंमलांत येऊं लागल्या. तत्पूर्वींच, १९४५ सालीं, कोल्हापूर संस्थानानें ग्रंथालयांचा स्वतंत्र कायदा केला होता. महाराष्ट्र राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा असून तो १ मे १९६८ पासून अंमलांत आला, आणि अनुदानाचे नियम १९७० सालीं झाले. मद्रास प्रांताच्या १९४८ च्या कायद्यानें ग्रंथालयांसाठीं मालमत्तेच्या करावर स्वतंत्र अधिभार बसविला. महाराष्ट्राच्या कायद्यानें तसा कर बसविला नाहीं. त्यामुळें आपल्या वाचनालयांचें अनुदान राज्याच्या अंदाजपत्रकावर अवलंबून राहतें. २०१२ सालच्या वाढीनंतर पुढील वाढ होण्यास दहा वर्षें लोटावीं लागलीं. २०२२ सालीं अनुदानांत ६० टक्के वाढ करण्याचा निर्णय झाला. दहा वर्षांत कागद, छपाई आणि वीज यांचे दर मात्र कोणासाठीं थांबत नाहींत.

या व्यवस्थेंत मान्यताप्राप्त ग्रंथालयांचे अ, ब, क आणि ड असे चार वर्ग आहेत. ग्रंथांची संख्या, सभासद, येणारीं वर्तमानपत्रें व नियतकालिकें, उघडें राहण्याच्या वेळा आणि सेवकवर्ग यांवरून वर्ग ठरतो, व वर्गावरून अनुदान. वरच्या वर्गासाठीं ग्रंथपालाचें शिक्षणही वरच्या पायरीचें असावें लागतें. दाखल-नोंदवही, देवघेवीची नोंद, लेखापरीक्षण झालेले हिशेब आणि वार्षिक अहवाल हीं सर्व कागदपत्रें तपासणीच्या वेळीं पुढें ठेवावीं लागतात. याशिवाय कलकत्त्यास १९७२ सालीं स्थापन झालेलें राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान आहे. त्याच्या समान निधि योजनेंत राज्य आणि प्रतिष्ठान दोघेही वांटा उचलतात, आणि त्यांतून ग्रंथ, कपाटें व इमारत यांना साहाय्य होतें. असमान निधि योजनेंतील पैसा प्रतिष्ठानाचा स्वतःचा असतो. बालविभाग उघडणें, ग्रंथालयाची शताब्दी साजरी करणें अशा प्रसंगीं तो उपयोगी पडतो.

आतां शिक्षणाकडे वळूं. ग्रंथपालाचें काम म्हणजे पुस्तक देणें व परत घेणें, त्यास शिक्षण कशाला, असा प्रश्न सुशिक्षित मंडळीही विचारतात. एक उदाहरण घेऊं. पांच हजार ग्रंथांच्या वाचनालयांत मधमाशा पाळण्याविषयींचें एक पुस्तक आहे. शिक्षण न मिळालेल्या ग्रंथपालानें तें आलेल्या क्रमांकानें, एका कादंबरीच्या व एका चरित्राच्या मध्यें लावलें. एक शेतकरी येतो, विचारतो, आणि रिकाम्या हातानें परत जातो. दोन वर्षांनीं समिति अनुदानाच्या पैशांतून त्याच पुस्तकाची दुसरी प्रत घेते. येथें वाचक गेला आणि पैसाही गेला. वर्गीकरण, सूचि, मांडणी, वार्षिक पडताळणी व जीर्ण ग्रंथांची निवड या पांच गोष्टी ज्यास येतात, त्याच्या हातीं तेंच पुस्तक पहिल्या दिवसापासून कामास लागतें.

हें शिक्षण मिळविणें अवघड राहिलेलें नाहीं. ग्रंथालय संचालनालयाच्या देखरेखीखालीं जिल्हा ग्रंथालय संघ प्रमाणपत्राचे वर्ग चालवितात. ज्यांस नोकरी सोडून विद्यापीठांत जातां येत नाहीं, त्यांच्यासाठीं नाशिकचें यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ यांचे या विषयाचे अभ्यासक्रम आहेत. अडचण निराळीच आहे. लहान वाचनालयाचा पगार इतका तुटपुंजा असतो कीं, शिकून तयार झालेला मनुष्य लवकरच दुसरीकडे जातो, आणि ज्यानें जागा सोडली त्याच्या जागीं पुन्हा अशिक्षित हात येतो. वर्ग घसरला कीं अनुदान घसरतें. अनुदान घसरलें कीं पगार आणखी आक्रसतो. पुष्कळ वाचनालयांचा ऱ्हास याच चक्रांत होतो.

हें चक्र सरकारी आदेशानें एकट्यानें थांबणार नाहीं. बडोद्याच्या नियमांतील पहिला वांटा लोकांचा होता, तो येथें आपला आहे. आपल्या वाचनालयाच्या वार्षिक सभेस जावें, अहवाल वाचावा, आणि तीन प्रश्न विचारावे. ग्रंथपालाचें शिक्षण झालें आहे काय? नसल्यास त्याची फी व प्रवासखर्च भरण्याची तरतूद आहे काय? आणि गेल्या वर्षीं किती ग्रंथ विकत घेतले यापेक्षां किती ग्रंथ वाचकांच्या घरीं गेले, याचा आंकडा काय? पुस्तकें भेट द्यावयाचीं असल्यास घरांतील अडगळ न पाठवितां, काय हवें आहे तें ग्रंथपालास विचारून द्यावें. नाहींतर त्याच किंमतीची रक्कम शिक्षणनिधीस द्यावी. वर्षाकांठीं पांच-पन्नास कुटुंबांनीं एवढें केलें, तरी एका मनुष्याच्या शिक्षणाचा खर्च निघूं शकेल, आणि तो मनुष्य पुढील कित्येक वर्षें त्या गल्लींतील शेंकडों मुलांच्या हातीं योग्य तें पुस्तक ठेवीत राहील.