अवकाश पर्यटन

शासकीय किंवा वैज्ञानिक कामगिरीसाठी नव्हे, तर मुख्यतः अनुभवासाठी शुल्क भरून केलेल्या अवकाशप्रवासास अवकाश पर्यटन म्हणतात. याचे दोन प्रमुख प्रकार आहेत. उपकक्षीय उड्डाणात यान अवकाशाच्या सीमेपर्यंत जाऊन काही मिनिटांत परत येते. कक्षीय उड्डाणात ते पृथ्वीभोवती फिरत राहते व प्रवासी काही दिवस अवकाशात राहतात.

अवकाशाची सीमा सर्वसाधारणपणे समुद्रसपाटीपासून १०० किमी. उंचीवर (कारमान रेषा) मानतात. अमेरिकेत ८० किमी. ही मर्यादाही प्रचलित आहे. पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठचे शिरूर आणि भीमाकाठचे दौंड यांमधील सरळ रेषेतील अंतर सु. ४५ किमी. आहे, त्याच्या दुपटीहून थोडे अधिक अंतर सरळ वर गेले, की अवकाशाची सीमा लागते. खरी अडचण अंतराची नसून वेगाची आहे. उपकक्षीय उड्डाणास सेकंदाला सु. १ किमी. वेग पुरतो, या वेगाने शिरूरहून दौंडास पाऊण मिनिटात पोहोचता येईल. सु. ४०० किमी. उंचीवरील कक्षेत टिकून राहण्यास मात्र सेकंदाला सु. ७·७ किमी. वेग लागतो, त्या वेगाने हेच अंतर सहा सेकंदांत कापले जाईल. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने कक्षीय यानास सु. साठपट ऊर्जा द्यावी लागते आणि परतताना ती बहुतांशी उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकावी लागते. दोन्ही प्रकारांच्या दरांत जी प्रचंड तफावत आढळते, तिचे मूळ येथे आहे.

इतिहास : सामान्य नागरिकांना अवकाशात नेण्याच्या अमेरिकेच्या योजनेस आरंभीच जबर धक्का बसला. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ या यानास झालेल्या अपघातात शिक्षिका क्रिस्टा मॅकॉलिफ यांच्यासह सातही जण मृत्युमुखी पडले. पुढे सोव्हिएट संघाने शुल्क घेऊन प्रवासी नेण्यास सुरुवात केली. जपानी पत्रकार तोयोहिरो अकियामा हे डिसेंबर १९९० मध्ये ‘मीर’ स्थानकावर गेले. त्यांचा खर्च एका दूरचित्रवाणी संस्थेने दिला होता. स्वतः पैसे भरून गेलेले पहिले पर्यटक म्हणजे अमेरिकन उद्योजक डेनिस टिटो. ते प्रथम ‘मीर’वर जाणार होते, परंतु मार्च २००१ मध्ये ते स्थानक पाडण्यात आले. तेव्हा अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेचा विरोध असतानाही २८ एप्रिल २००१ रोजी रशियाने त्यांना ‘सोयूझ’ यानातून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे नेले. यासाठी त्यांनी सु. २ कोटी डॉलर दिल्याचे सांगितले जाते. २००९ पर्यंत एकूण सात जणांनी अशी आठ उड्डाणे केली. अनुशे अन्सारी (२००६) या त्यांतील पहिल्या महिला होत. २०११ मध्ये अमेरिकेची ‘शटल’ याने निवृत्त झाल्यावर सोयूझमधील जागा अंतराळवीरांनाच अपुऱ्या पडू लागल्या व ही उड्डाणे दीर्घकाळ थांबली.

खासगी याने : दोन आठवड्यांत दोनदा १०० किमी. उंची गाठणाऱ्या खासगी यानासाठी ठेवलेले १ कोटी डॉलरचे अन्सारी एक्स पारितोषिक ‘स्पेसशिपवन’ या यानाने ४ ऑक्टोबर २००४ रोजी मिळविले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या ‘व्हर्जिन गॅलॅक्टिक’ कंपनीने काही वर्षांतच पर्यटक नेण्याची आशा दाखविली. प्रत्यक्षात त्यास जवळजवळ दोन दशके लागली. २००७ मध्ये मोहावी येथे यानाच्या एंजिनाशी संबंधित चाचणीत स्फोट होऊन तीन तंत्रज्ञ दगावले. ३१ ऑक्टोबर २०१४ रोजी चाचणी उड्डाणात यान हवेतच मोडले व सहवैमानिक मायकेल ऑल्सबरी मृत्युमुखी पडले. परतीच्या वेळी वर वळवावयाच्या शेपटीची कळ वेळेपूर्वी उघडली गेल्याने हा अपघात झाला. माणसाच्या एका चुकीनेही यान नष्ट होऊ शकते, ही शक्यता आराखड्यात पुरेशी विचारात घेतली गेली नव्हती, असे चौकशीत आढळले. या कंपनीची व्यापारी उड्डाणे जून २०२३ मध्ये सुरू झाली. जून २०२४ मध्ये ‘युनिटी’ हे यान निवृत्त करण्यात आले. आरंभी २ लक्ष डॉलर असलेला दर मध्यंतरी ४·५ लक्ष डॉलरवर गेला होता.

‘ब्ल्यू ओरिजिन’ कंपनीचे ‘न्यू शेपर्ड’ हे यान वैमानिकाविना चालते. त्यातून २० जुलै २०२१ रोजी प्रथमच चार माणसे गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये प्रवासी नसलेल्या एका उड्डाणात अग्निबाण निकामी झाला. परंतु सुटकेच्या यंत्रणेने कुपी वेळीच दूर नेऊन सुखरूप उतरविली. त्यानंतर माणसांची उड्डाणे मे २०२४ पर्यंत बंद राहिली. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘स्पेसएक्स’च्या यानातून व्यावसायिक अंतराळवीर बरोबर नसलेल्या चौघांनी तीन दिवस पृथ्वीप्रदक्षिणा केल्या, सप्टेंबर २०२४ मध्ये खासगी प्रवाशांनी प्रथमच यानाबाहेर अवकाशात प्रवेश केला. चंद्राभोवती कलावंतांना नेण्याची २०१८ मध्ये जाहीर झालेली जपानी योजना मात्र २०२४ मध्ये रद्द झाली.

सुरक्षितता व कायदा : अमेरिकेच्या २००४ च्या कायद्यानुसार प्रवाशास धोक्याची लेखी कल्पना देऊन त्याची संमती घ्यावी लागते; प्रवाशांच्या सुरक्षिततेविषयी नियम करण्यास घातलेली स्थगिती वेळोवेळी वाढविण्यात आली. उद्योगाची वाढ खुंटू नये, हा यामागील हेतू असला, तरी जोखमीचा भार मुख्यतः प्रवाशावरच पडतो. १९६७ च्या अवकाश करारानुसार खासगी उड्डाणांची जबाबदारीही संबंधित राष्ट्रावर असते आणि १९७२ च्या करारानुसार जमिनीवरील नुकसानीची भरपाई प्रक्षेपण करणाऱ्या राष्ट्राने द्यावयाची असते. एप्रिल २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात धातूचे मोठे कडे आकाशातून पडले. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत, असे तज्ज्ञांचे मत पडले. अवकाशातील वाहतुकीचे परिणाम तिच्याशी संबंध नसलेल्या माणसालाही भोगावे लागू शकतात, हे अशा घटनांवरून दिसते. अग्निबाणांतून निघणारी काजळी स्थितांबरात दीर्घकाळ राहते, हाही चिंतेचा विषय आहे.

भारत : मूळचे विजयवाड्याचे गोपी थोटाकुरा हे १९ मे २०२४ रोजी ‘न्यू शेपर्ड’मधून गेले, ते पहिले भारतीय अवकाश पर्यटक मानले जातात. जून–जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांनी खासगी कंपनीच्या मोहिमेतून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकास भेट दिली. परंतु त्यांचा खर्च शासनाने केलेला असून हेतू प्रशिक्षणाचा व प्रयोगांचा होता, म्हणून ते पर्यटन नव्हे. भारतीय अवकाश संशोधन संस्थेने उपकक्षीय पर्यटनाच्या व्यवहार्यतेचा अभ्यास केला असून २०२३ च्या भारतीय अवकाश धोरणाने खासगी संस्थांना या क्षेत्राची दारे खुली केली.

विमानवाहतूक असंख्य उड्डाणांच्या व अपघातांच्या अनुभवातून सुरक्षित व स्वस्त झाली. अवकाश पर्यटनातील उड्डाणे त्या मानाने अत्यंत थोडी असल्याने धोक्याचे विश्वसनीय मोजमाप अद्याप करता येत नाही, आणि प्रत्येक अपघातानंतर काम दीर्घकाळ थांबते. उड्डाणांची संख्या वाढल्याखेरीज दर उतरणार नाहीत, आणि सुरक्षिततेची खात्री पटल्याखेरीज ही संख्या वाढणार नाही. हा पेच सुटेपर्यंत हे पर्यटन मूठभर धनिकांपुरतेच मर्यादित राहणे अपरिहार्य दिसते.