खिडकीमागचा एकटा कारकून

दिल्लीतल्या मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीत मराठी कुटुंबांचा छोटासा गणपती बसतो. वर्गणीच्या पावत्या इतकी वर्षं पावतीपुस्तकातून फाडून दिल्या जात. यंदा बारावीतल्या एका मुलीने त्यासाठी पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहिला. नाव, फ्लॅट आणि रक्कम भरायची, ‘जतन करा’ दाबायचं आणि सगळं भरून झालं की ‘सगळ्या पावत्या तयार करा’. घरी पाच नावांवर करून पाहिलं तेव्हा तो सुरळीत चालला. मंडळाच्या टेबलावर मात्र २४० नावं भरून झाली, खजिनदार काकूंनी शेवटचं बटण दाबलं आणि विंडो पांढरट पडली. वरच्या पट्टीत ‘नॉट रिस्पॉन्डिंग’. काकूंनी माउसवरचा हात झटकन मागे घेतला. ‘‘माझ्याकडून काही चुकलं का गं?’’

काकूंचं काहीही चुकलं नव्हतं. पुढच्या रविवारी ती मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली आणि आम्ही दोघांनी तो प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासला. त्यात जे दोष सापडले ते डेस्कटॉपसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी भेटतात. म्हणून ते इथे क्रमाने मांडतो.

प्रोग्रॅम वाट पाहत बसलेला असतो

दिल्ली-नोएडाच्या शाळांत शिकलेल्या अनेकांची विंडो आणि बटणांच्या प्रोग्रॅमशी पहिली ओळख सीबीएसईच्या ‘इन्फर्मॅटिक्स प्रॅक्टिसेस’ या विषयात झाली. पायथॉन येण्याआधी त्यात जावा आणि नेटबीन्स होतं. फॉर्मवर बटण ओढून ठेवायचं, त्यावर दोनदा क्लिक करायचं, उघडलेल्या जागेत कोड लिहायचा. सोय मोठी होती, पण तिच्यामागे एक प्रश्न झाकला जायचा. तो कोड चालवतं कोण, आणि कधी?

उत्तरासाठी नवी दिल्ली स्टेशनवरची तिकीट खिडकी डोळ्यांसमोर आणा. खिडकीमागे एकच कारकून आहे आणि समोर रांग. तो पहिल्याचं काम करतो, मग ‘पुढचे’ म्हणतो. रांगेत कोणी नसेल तर नुसता बसून राहतो. विंडोचा प्रोग्रॅम अगदी असाच चालतो. माउस हलला, कळ दाबली, विंडोचा काही भाग पुन्हा रंगवायचा आहे, अशी प्रत्येक घटना एका रांगेत येऊन उभी राहते. प्रोग्रॅमचा मुख्य धागा, म्हणजे मेन थ्रेड, एकेक घटना उचलतो, तिच्यासाठी लिहिलेला कोड चालवतो आणि पुन्हा रांगेकडे वळतो. या फेऱ्याला इव्हेंट लूप म्हणतात. या मुलीने वापरलेल्या टीकेइंटर या पायथॉनच्या विंडो बनवणाऱ्या साधनात शेवटच्या ओळीत ‘मेनलूप’ लिहिलेलं असतं. तोच हा फेरा. ती ओळ आली की कारकून खुर्चीत बसला असं समजायचं.

यात ध्यानात ठेवायची गोष्ट अशी की विंडो रंगवायलाही हाच कारकून लागतो. वेगळा रंगारी नसतो.

पहिला दोष: कारकून उठून आत गेला

आता काकूंचं बटण पाहू. त्यामागच्या कोडमध्ये २४० पावत्या एकामागून एक बनवणारं चक्र होतं. त्या लॅपटॉपवर एका पावतीला साधारण ०.२ सेकंद लागत होता, म्हणजे सगळ्यांना ४८ सेकंद. तेवढा वेळ कारकून मागच्या खोलीत कागद काढत बसला आणि खिडकीवर कोणीच नाही. पाच नावांना एकच सेकंद लागला होता, म्हणून घरी हा दोष दिसलाच नाही.

विंडोज ही गोष्ट बारकाईने पाहत असतं. एखाद्या विंडोने ५ सेकंद आपल्या रांगेकडे पाहिलं नाही की ती अडकली असं ते मानतं आणि तिच्या जागी एक फिकट प्रतिमा आणून ठेवतं. प्रोग्रॅम आत काम करतच असतो, पण समोरच्या माणसाला तो मेलेला दिसतो.

वेळेचा अंदाज ठेवायला काही आकडे उपयोगी पडतात. साधा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे एका चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. माणसाला प्रतिसाद लगेच मिळाला असं वाटायला ०.१ सेकंदाच्या आत काहीतरी दिसावं लागतं. १ सेकंदाच्या पुढे विचारांची लय तुटते, १० सेकंदांनंतर लक्षच दुसरीकडे जातं. रॉबर्ट मिलर यांनी १९६८मध्ये मांडलेले हे अंदाज आजही धरले जातात, कारण यंत्रं बदलली तरी माणसाचा धीर तेवढाच आहे.

मुलीने यावर एक तोडगा आधीच शोधला होता. चक्रात प्रत्येक पावतीनंतर टीकेइंटरच्या ‘अपडेट’ला हाक मारायची, म्हणजे रांगेतली कामं मध्येच उरकली जातात. विंडो जिवंत राहिली, पण नवीन घोळ झाला. पहिलं काम संपायच्या आतच पुन्हा बटण दाबता येऊ लागलं. दाबलं की पहिल्या चक्राच्या पोटात दुसरं चक्र सुरू व्हायचं आणि प्रत्येकाच्या दोन-दोन पावत्या निघायच्या. म्हणून नियम असा, की लांबलचक काम सुरू करण्याआधी ते बटण निष्क्रिय करायचं आणि काम संपलं की पुन्हा चालू करायचं.

खरे उपाय दोन. काम तुकड्यांत मोडता येत असेल तर एक पावती बनवा आणि टीकेइंटरचं ‘आफ्टर’ वापरून पुढची पावती रांगेच्या शेवटी उभी करा. मधल्या वेळात कारकून बाकीच्यांना पाहतो. इंटरनेटवरून माहिती आणण्यासारखं काम तुकड्यांत मोडत नाही. तिथे दुसरा थ्रेड, म्हणजे मागच्या खोलीत काम करणारा मदतनीस नेमावा लागतो.

दुसरा दोष: मदतनीसाने गल्ल्याला हात लावला

मदतनीस आला की पुढची चूक हमखास होते. मागच्या थ्रेडमधूनच ‘१२० पावत्या झाल्या’ असं लेबलवर लिहिलं जातं. कधी चालतं, कधी विंडो अर्धवट रंगते, कधी प्रोग्रॅम काही न सांगता बंद पडतो. रोज न दिसणारा दोष शोधायला सगळ्यात कठीण, कारण तपासायला बसावं तेव्हा तो नेमका गायब असतो.

कारण सोपं आहे. बटणं, लेबलं, याद्या यांचा हिशेब एकाच माणसाने ठेवायचा असं धरून ही साधनं बांधलेली असतात. दोघांनी एकाच वहीत एकाच वेळी लिहिलं तर ओळी एकमेकांवर येणारच. प्रत्येक बदलाआधी कुलूप लावायचं, असं करून पाहणाऱ्यांना अनुभव आला तो वेगळाच. माउसची घटना खालून वर जाते, प्रोग्रॅमचा आदेश वरून खाली येतो. दोघे अर्ध्या वाटेवर एकमेकांच्या कुलपाची वाट पाहत अडकतात. म्हणून जावाचं स्विंग, क्यूटी, टीकेइंटर, विंडोजची स्वतःची साधनं, सगळीकडे नियम एकच: विंडोला हात फक्त मुख्य थ्रेडने लावायचा.

मग मागच्या खोलीतून निरोप कसा द्यायचा? चिठ्ठीने. स्विंगमध्ये ‘इन्व्होकलेटर’ने काम मुख्य रांगेत ठेवता येतं. जावा ६पासून ‘स्विंगवर्कर’ हीच सोय तयार देतं. क्यूटीत सिग्नल पाठवतात. टीकेइंटरमध्ये आम्ही एक ‘क्यू’, म्हणजे चिठ्ठ्यांची पेटी, ठेवला. मदतनीस त्यात ‘इतक्या झाल्या’ अशी चिठ्ठी टाकतो, आणि मुख्य थ्रेड ‘आफ्टर’च्या मदतीने दर १०० मिलिसेकंदांनी ती पेटी उघडून पाहतो. चिठ्ठी असली तर लेबल बदलतो, नसली तर आपल्या कामाला लागतो. एवढं केल्यावर प्रगतीची पट्टी पहिल्यांदा सरकली तेव्हा मुलीचा चेहरा पाहण्यासारखा होता.

तिसरा दोष: नको त्या वेळी चाललेला कोड

प्रोग्रॅम उघडताच कोणी न दाबता एक रिकामी पावती जतन होत होती. बटणाला काम जोडताना मुलीने फंक्शनच्या नावापुढे कंस टाकले होते. नुसतं नाव दिलं तर ‘वेळ आली की हे कर’ असा अर्थ होतो. कंस टाकले की ‘आत्ता कर’. बटणाच्या हाती मग उरतो त्या कामाचा निकाल, जो बहुधा काहीच नसतो. परिणामी नंतर बटण दाबलं तरी काही होत नाही.

याचाच सख्खा भाऊ चक्रात सापडतो. चार विंगसाठी चार बटणं एका चक्रात बनवली होती आणि कोणतंही दाबलं तरी डी विंगचीच यादी यायची. पायथॉनचा लॅम्डा, म्हणजे जागेवरच लिहिलेलं बिननावाचं फंक्शन, चलाचं (व्हेरिएबलचं) नाव लक्षात ठेवतो, त्या क्षणाची किंमत नाही. बटण दाबेपर्यंत चक्र संपलेलं असतं आणि त्या नावाखाली ‘डी’ बसलेला असतो. लॅम्डा बनवतानाच विंगची किंमत डीफॉल्ट म्हणून त्याच्या हाती दिली की चारही बटणं आपापल्या विंगला ओळखू लागतात.

चौथा दोष: गणपतीचा फोटो दिसेना

शीर्षकाशेजारी गणपतीचा फोटो ठेवला होता. ओळी बरोबर, फाइल जागेवर, त्रुटीचा संदेश नाही, तरी तिथे कोरी चौकट. टीकेइंटरमधलं लेबल चित्राचं फक्त नाव जवळ ठेवतं. खरं चित्र पायथॉनच्या चलात असतं. ते चल फंक्शनच्या आत बनलेलं असेल तर फंक्शन संपताच पायथॉन ‘आता हे कोणाला नको’ असं समजून चित्र पुसून टाकतो. चित्र लेबललाच किंवा मुख्य ऑब्जेक्टला जोडून ठेवलं की ते टिकतं. एका ओळीचं काम, पण ती ओळ सापडेपर्यंत दुपार जाते.

पाचवा दोष: दुसऱ्याच्या लॅपटॉपवर कापलेली अक्षरं

मुलीच्या घरच्या मॉनिटरवर सगळं नेटकं बसलेलं. मंडळाचा लॅपटॉप मात्र सगळं १५० टक्के आकारात दाखवणारा. विंडोज १०० टक्क्यांना इंचाला ९६ ठिपके धरतं, १५० टक्क्यांना १४४. आपण मोठा आकार पेलू शकतो असं प्रोग्रॅमने विंडोजला कळवलं नसेल तर विंडोज त्याचं चित्र ताणतं आणि अक्षरं धूसर होतात. कळवलं असेल तर अक्षरं मोठी होतात, पण ठिपके मोजून ठोकलेल्या जागा तेवढ्याच राहतात.

देवनागरीला हे जास्त बोचतं. आपल्या अक्षराच्या डोक्यावर रफार आणि वेलांटी, पायाशी उकार. रोमन अक्षरांच्या उंचीवर बेतलेल्या बटणात ‘वर्गणीमूल्य’ लिहून पाहा, वरचा रफार किंवा खालचा ऊकार कापला जातो आणि शब्द बदलतो. उपाय असा, की जागा मोजून देऊच नये. ‘ग्रिड’च्या ओळी-स्तंभांत वस्तू ठेवाव्यात, कोणता स्तंभ किती फुगेल याचं वजन द्यावं आणि उंची मजकुराला ठरवू द्यावी. एकाच चौकटीत ‘पॅक’ ही मांडणीची दुसरी पद्धत आणि ‘ग्रिड’ दोन्ही मात्र वापरू नयेत. एक मांडतो ते दुसरा मोडतो. आताचं टीकेइंटर तिथेच त्रुटी दाखवतं, जुनं त्या भांडणात अडकून बसायचं.

सहावा दोष: कऱ्हाडे सापडत नाहीत

हा दोष मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो, कारण इंग्रजीतून शिकलेला कोणी तो सांगत नाही. यादीत ‘कऱ्हाडे’ हे आडनाव डोळ्यांना दिसत होतं, शोधलं की ‘नाही’. युनिकोडमध्ये हा चंद्रकोरीसारखा अर्धा र तीन प्रकारे लिहिला जातो. एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दोन, साधा ‘र’, नुक्ता (खालचा ठिपका) आणि हलन्त. तीन, साधा ‘र’, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखे, संगणकाला तीन वेगळी आडनावं. पहिले दोन युनिकोडच्या प्रमाणीकरणाने एक होतात. तिसऱ्यासाठी आपल्याला स्वतः बदल लिहावा लागतो. नाव साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा तो करायचा.

लांबी मोजतानाही असंच भान हवं. ‘क्षत्रिय’ हा शब्द आपण तीन अक्षरं म्हणून वाचतो. पायथॉन त्याची लांबी ८ सांगतो आणि यूटीएफ-८मध्ये तो २४ बाइट घेतो. नावाला ‘कमाल २० अक्षरं’ अशी मर्यादा घातली तर मराठी नाव मध्येच तुटतं. रकमेच्या रकान्यात ‘५०१’ असे मराठी आकडे चालतात, पायथॉनला ते समजतात. पण ‘५०१ रु.’ लिहिलं की तो अडतो. टीकेइंटर ही त्रुटी काळ्या कन्सोलमध्ये लिहून मोकळा होतो. मंडळाच्या लॅपटॉपवर कन्सोल उघडलेलाच नव्हता. त्यामुळे बटण दाबूनही काही होत नाही एवढंच काकूंना दिसायचं. अशा प्रत्येक त्रुटीचा निरोप विंडोतच, साध्या मराठीत यायला हवा: ‘रकमेत फक्त आकडे लिहा.’

तपासायचं कसं

विंडो अडकली तर बटणामागच्या कोडच्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीत वेळ छापा. फरक ०.१ सेकंदाहून जास्त असेल तर कारकून उठून गेलेला आहे. दोष कधी येतो कधी नाही, असं असेल तर थ्रेडकडे पाहा. काहीच होत नसेल तर कन्सोल उघडा. आणि पाच नावांवर नव्हे, पाचशे नावांवर, दुसऱ्याच्या लॅपटॉपवर, मराठीत टाइप करून पाहा.

त्या रविवारी संध्याकाळी आम्ही काकूंना पुन्हा बोलावलं. त्यांनी बटण दाबलं. ते लगेच फिकट झालं, खाली ‘२४० पैकी ३’ असं उमटलं आणि आकडा वाढू लागला. काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी चष्मा लावला, आकडा चढत असतानाच यादीत ‘कऱ्हाडे’ शोधलं आणि पावती सापडल्यावर पुढचं नाव टाइप करायला घेतलं.