रक्तातली चमचाभर साखर

आंबा कापून झाला, हात फडक्याला पुसले आणि तेच बोट टोचून शुगर तपासली, तर मशीनवर थेट तीनशेचा आकडा येऊ शकतो. घरात एकच घबराट उडते. मग कुणीतरी साबणाने हात धुवायला लावतं, बोट कोरडं करून नवी पट्टी घालतं आणि आकडा निम्म्याहून खाली येतो. बोटाला चिकटलेला आंब्याचा अंश थेंबात मिसळलेला असतो. तपासणीला लागणारा थेंब इतका लहान, की नखाशी राहिलेली साखरही त्यात भरपूर होते.

मुळात रक्तातल्या साखरेचा सगळा हिशेबच असा बारीक आहे. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. उपाशीपोटी शुगर १०० असेल, म्हणजे डेसिलिटरमागे १०० मिलिग्रॅम, तर साऱ्या रक्तात मिळून पाच ग्रॅम साखर होते. चहाचा एक चमचा! उपाशीपोटीचा आकडा १२६ किंवा त्याहून वर गेला आणि पुन्हा तपासूनही तसाच आला, की मधुमेहाचं निदान होतं. १२६ म्हणजे सव्वासहा ग्रॅम. दोन चमचे साखर घातलेल्या एका कप चहात रक्तातल्या एकूण साखरेच्या दुप्पट साखर असते, तरी निरोगी माणसाचं स्वादुपिंड तेवढ्यास तेवढं इन्सुलिन सोडून ती जिरवतं, त्याला पत्ताही लागत नाही. मधुमेह झाला, की स्वादुपिंडाचं हे काम त्या माणसाला स्वतः, घड्याळ बघत करावं लागतं. त्याला रविवार नसतो.

आणि पहाटेपासूनच परीक्षा सुरू होते. रात्री शुगर ठीक होती, मध्ये काही खाल्लं नाही, तरी सकाळी ती चढलेली. ‘रात्री गुपचूप काय खाल्लं?’ हा प्रश्न अनेक घरांत ऐकू येतो आणि तो फार लागतो. उजाडण्यापूर्वी कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं वाढतात, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. माणूस झोपलेला असतो, त्याने फ्रीज उघडलेलाही नसतो.

दुसरा अन्यायाचा प्रश्न म्हणजे, ‘एवढी बारीक आहे, हिला कशी शुगर?’ याचं उत्तर पुण्यातून मिळालं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के निघाली, याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ भारतीय शरीरातही पोटाच्या आसपास चरबी दडलेली असू शकते आणि ती इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते.

जेवणाच्या बाबतीत भाकरीवर लोकांचा फार भरवसा. भाकरी चांगलीच, पण ज्वारीतही पिष्ट असतंच. तीन भाकऱ्या म्हणजे तीन भाकऱ्या. उपवासाचा साबुदाणा तर जवळपास निव्वळ पिष्ट. त्यापेक्षा ताटातली भाजी, कोशिंबीर, उसळ आधी आणि भात-पोळी नंतर खाल्ली, तर शुगर सावकाश चढते. आणि आपली शतपावली! पायांचे स्नायू चालू लागले, की इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतात. पावलं मात्र शंभरावर थांबवू नयेत. दहा-पंधरा मिनिटं चालावं.

चढलेल्या शुगरची सगळ्यांना धास्ती असते, उतरलेलीची नसते. लग्नघरी जेवणाआधीचं इन्सुलिन घेऊन झालंय आणि पंगत तासभर लांबली, अशा वेळी हात थरथरतात, कपाळावर गार घाम फुटतो, माणूस उगाच चिडतो. मेंदू प्रामुख्याने साखरेवर चालतो, त्यामुळे स्वभावच बदलल्यासारखा वाटतो. समजूत घालण्यात वेळ घालवू नये. शुगर ७० च्या खाली असेल, किंवा तपासायची सोय नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं. पेढा किंवा चॉकलेट इथे उपयोगाचं नाही. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठावा.

बरीच वर्षं शुगर चढती राहिली, की पायाच्या नसांची जाणीव बोथट होते. वैशाखात देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालून आलेल्या माणसाला तळव्यावरचे फोड घरी आल्यावर, मोज्याला डाग लागल्यावर कळतात. वेदना नसल्यामुळे जखम चिघळेपर्यंत कुणी दाद घेत नाही. त्यासाठी रात्री अंथरुणावर टेकताना हाताशी एक लहान आरसा ठेवायचा. तो तळव्याखाली धरून टाच, चवडा बघायचा, मग बोटांमधल्या बेचक्या. वाकवत नसेल, तर नातवंडाला सांगायचं. त्याचे डोळे चांगले असतात.