फुकटच्या ॲपचा खर्च कोण भरतं?

आज बोलूया मोबाईलवरच्या जाहिरातींबद्दल.

घरात फोन एक आणि वापरणारे चार, ही आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या कित्येक घरांची रीत. दुपारी तुम्ही पाळी चुकल्याबद्दल किंवा तांबीबद्दल काही शोधलंत. संध्याकाळी पोराने व्हिडिओ लावला, तर त्याच्याआधी गरोदरपणाच्या चाचणीची जाहिरात! तुम्ही कुणाला काही सांगितलं नव्हतं. फोनने सांगितलं.

हे होतं कसं? वसमतच्या हळद बाजारात खताच्या जाहिरातीची पाटी असेल, तर ती येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांसाठी असते. तुम्ही कोण, हे त्या पाटीला माहीत नसतं. मोबाईलचं तसं नाही. अँड्रॉइड फोनला एक जाहिरात आयडी असतो. जनावराच्या कानात बिल्ला असतो ना, तसा हा फोनचा नंबर. कुठलं ॲप उघडलं, काय पाहिलं, कुठे गेलात, ही माहिती त्या नंबराखाली गोळा होत जाते. मग तुम्ही ॲप उघडता, तेव्हा तुम्हाला जाहिरात कोण दाखवणार याचा लिलाव होतो. मोंढ्यात सोयाबीनचा होतो तसाच, फक्त पापणी लवायच्या आत. बोली लागते ती तुमच्या नजरेवर.

यात बायकांचं नुकसान कसं होतं, याचं एक उदाहरण घ्या. फ्लो नावाचं पाळीची नोंद ठेवणारं ॲप जगभरात १० कोटींहून जास्त लोकांनी वापरलं. माहिती खाजगी ठेवू, असा त्यांचा शब्द होता. पण ती फेसबुक, गूगलसारख्या कंपन्यांच्या यंत्रणांकडे जात होती, असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि २०२१ मध्ये फ्लोला तडजोड करावी लागली.

मग असं ॲप वापरायचंच नाही का? तसं नाही. बर्लिनच्या एका गटाने ड्रिप नावाचं पाळीचं ॲप केलंय. त्यातली नोंद तुमच्या फोनमध्येच राहते. शिवाय ते मुक्तस्रोत आहे. म्हणजे काय? मसाल्याच्या पुड्यावर आत काय-काय किती घातलंय ते सगळं छापलेलं असावं, आणि कुणीही तपासावं, वाटल्यास घरी तसाच करावा. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचं तसंच. आत चोरून काही ठेवलं, तर जाणकाराला ते सापडू शकतं.

पण कृती उघडी असली तरी चूल पेटवायला सरपण लागतंच. ते कोण देतं? ड्रिपला जर्मन सरकारच्या पैशातून चालणाऱ्या प्रोटोटाइप फंडाची मदत मिळाली. विकिपीडिया वाचकांच्या देणग्यांवर चालतो. आपल्या देशात झिरोधा कंपनीने २०२४ मध्ये अशा सॉफ्टवेअरसाठी वर्षाला १० लाख डॉलर द्यायचं जाहीर केलं.

सगळ्यांना असा दाता भेटत नाही. फायरफॉक्स हा मुक्तस्रोत ब्राउझर मोझिला ही संस्था बनवते. तिची बहुतेक कमाई गूगलकडून येते आणि गूगलचं पोट जाहिरातींवर भरतं. २०२४ मध्ये मोझिलाने ॲनोनिम ही जाहिरातीच्या क्षेत्रातली कंपनी विकत घेतली. त्याच वर्षी फायरफॉक्स १२८ मध्ये जाहिरातींचा परिणाम मोजायची एक सोय आली, आणि ती वापरणाऱ्यांना न विचारता आधीच चालू ठेवलेली होती. माणूस ओळखू येणार नाही अशा रीतीने मोजतो, असं मोझिलाचं म्हणणं होतं. तरी लोक नाराज झाले, कारण विचारलं नव्हतं.

बचत गट चालवणाऱ्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. पैसा आपला असेल, तर बैठकीत शब्दही आपला असतो. बाहेरच्याचा असेल, तर त्याचं ऐकावं लागतं. ॲपचंही तेच.

कर्जाच्या जाहिरातींपासून तर फारच जपा. पेरणीच्या नाहीतर शाळेच्या फीच्या दिवसांत तुम्ही 'तातडीचं कर्ज' शोधलंत, की अशा जाहिरातींची रांग लागू शकते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय की कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधले नंबर, कॉलची यादी आणि फोटो-फाइलींना हात लावायचा नाही. मागितलं, तर ते ॲप काढून टाका. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर फोन करा.

कायदाही येतोय. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांवर नेम धरून जाहिरात करायला मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मात्र मुख्य तरतुदींसाठी कंपन्यांना १८ महिन्यांची मुदत आहे.

तोवर घरच्या घरी एवढं करा. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'गूगल', त्यात 'जाहिराती' उघडा आणि जाहिरात आयडी हटवा. काही फोनमध्ये हे प्रायव्हसीच्या खाली सापडेल. जाहिराती बंद होणार नाहीत, पण कानातला बिल्ला निघेल. मग एकेका ॲपची परवानगी बघा. टॉर्चच्या ॲपला तुमचं ठिकाण कशाला हवं? नको तिथे नकार द्या. आणि नवं ॲप घेताना एकच प्रश्न विचारा: याचा खर्च कोण भरतं? उत्तर सापडलं नाही, तर तो आपल्याच माहितीतून वसूल होत असेल, असं धरून चाला.

गटाच्या पुढच्या बैठकीला फोन सोबत आणा, दोघी-दोघी मिळून हे करून बघा.