मॉकिंगबर्ड वर्गात वाचताना (लेखांक ७) : त्या बारा जणांत एकही का नाही?

बू रॅडलीवर आज लिहायचं कबूल केलं होतं, पण तो थांबेल. नववीला ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ शिकवणाऱ्या एका बाईंचं पत्र आलंय. त्यांच्या वर्गातल्या मुलीने विचारलं, आरोपी टॉम रॉबिन्सन कृष्णवर्णीय, मग त्याच्या ज्यूरीत एकही कृष्णवर्णीय कसा नाही? तशी कायद्यानेच बंदी होती का?

नव्हती. फक्त गोऱ्यांनाच ज्यूरीत घेणारा वेस्ट व्हर्जिनियाचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८० सालीच घटनाबाह्य ठरवला होता. मग बंदी कागदावरून उठली आणि यादी करणाऱ्यांच्या हातात गेली. अलाबामात ज्यूरीची यादी करायला अधिकारी नेमलेले असत. प्रामाणिक, समंजस, चांगल्या चारित्र्याची माणसं त्यांनी निवडायची. त्यांना तशी माणसं फक्त गोऱ्यांतच सापडत.

आपल्याकडे ज्यूरी म्हटलं की नानावटी खटला आठवतो आणि विषय तिथेच संपतो. त्यामुळे टॉमचा वकील ॲटिकस याच्या भाषणावर वर्गात तासच्या तास जातात, पण ते ऐकणारे बारा जण तिथे आले कसे, हे कुणी विचारत नाही. या मुलीने विचारलं, याचा मला फार आनंद झाला.

स्कॉट्सबरोच्या नऊ मुलांबद्दल, म्हणजे अलाबामात बलात्काराच्या खोट्या आरोपात अडकवलेल्या कृष्णवर्णीय मुलांबद्दल, आपण वाचलंच आहे. त्यांतल्या क्लॅरेन्स नॉरिसच्या अपिलात नेमका हाच मुद्दा होता. जॅक्सन काउंटीच्या ज्यूरीच्या वहीत काही कृष्णवर्णीयांची नावं होती. पण त्याचे वकील सॅम्युअल लायबोविट्झ यांचं म्हणणं, ती मागाहून घुसडलेली आहेत. वही वॉशिंग्टनला गेली. सरन्यायाधीश चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांनी भर कोर्टात भिंग घेऊन ती पानं पाहिली. १ एप्रिल १९३५ रोजी नॉरिसची शिक्षा रद्द झाली.

आता कादंबरीतला काळ मोजा. टॉमचा खटला येतो १९३५च्या उन्हाळ्यात, म्हणजे या निकालानंतर अवघ्या काही महिन्यांनी. तरीही मेकोम्बच्या ज्यूरीत सगळे गोरे शेतकरीच. यात लेखिकेची चूक शोधू नका. स्कॉट्सबरोच्याच हेवूड पॅटरसनला जानेवारी १९३६मध्ये पुन्हा उभं केलं, तेव्हाही ज्यूरी संपूर्ण गोरी होती. त्याला ७५ वर्षांची शिक्षा झाली.

म्हणून शिक्षकांना माझा आग्रह आहे, तेविसावं प्रकरण घाईत उरकू नका. माझ्या मते शाळेसाठी पुस्तकातलं सर्वांत मोलाचं प्रकरण तेच. तिथे जेम बापाला विचारतो, आपल्यासारखे लोक, मिस मॉडी, ज्यूरीत का बसत नाहीत? ॲटिकस सांगतो, मिस मॉडीला बसताच येत नाही, कारण ती बाई आहे. शहरातले लोक का टाळतात, तेही सांगतो. टॉमच्या लोकांबद्दल मात्र जेम विचारत नाही. खटला त्याने त्यांच्याच सज्जात, रेव्हरंड साइक्सच्या शेजारी बसून पाहिलेला असतो, तरीही! हा न विचारलेला प्रश्न मुलांपुढे ठेवा आणि मग नॉरिसचा निकाल सांगा.

मिस मॉडीचंही खरंच आहे. अलाबामात बायकांना ज्यूरीबाहेर ठेवणारा कायदा फेडरल कोर्टाने १९६६ साली मोडीत काढला. हार्पर ली वकिलाची मुलगी, स्वतः कायदा शिकलेली. १९६१मध्ये तिला पुलित्झर मिळालं, तेव्हाही तिच्या राज्याच्या कोर्टात ज्यूरर म्हणून बसायचा हक्क तिला नव्हता.