बिटकॉइन व्यवहारातील स्वाक्षरीचे स्थान : जुनी व नवी रचना

प्रस्तावना :
बिटकॉइन हे आभासी चलन जानेवारी २००९ मध्ये कार्यान्वित झाले. त्यात बँकेसारखा मध्यस्थ नसल्याने खर्च करणाऱ्याची अंकीय स्वाक्षरी हाच मालकीचा पुरावा ठरतो. ही स्वाक्षरी नोंदीत कोठे साठवावी, हा वरकरणी तांत्रिक वाटणारा प्रश्न व्यवहाराच्या ओळखीशी निगडित आहे. प्रस्तुत लेखात त्याचे विवेचन केले आहे.

जुनी रचना :
जुन्या पद्धतीत स्वाक्षरी प्रत्येक इनपुटमधील ‘स्क्रिप्टसिग’ या भागात असते. संपूर्ण नोंदीवर ‘एसएचए-२५६’ ही गणिती प्रक्रिया दोनदा करून व्यवहार क्रमांक मिळतो. मात्र स्वाक्षरीला स्वतःचेच संरक्षण करता येत नाही. परिणामी रक्कम व प्राप्तकर्ता तेच ठेवून त्रयस्थाला स्वाक्षरीचे रूप वैधता न गमावता बदलता येई आणि व्यवहाराचा क्रमांकच बदले. सहीचे वळण बदलताच धनादेशाचा क्रमांक बदलावा, तसाच हा प्रकार होय. मूळ क्रमांक न सापडल्याने व्यवहार फसला असे समजून पुन्हा रक्कम पाठविली जाण्याचा धोका यातून उद्भवे. फेब्रुवारी २०१४ मध्ये टोकियोच्या ‘माउंट गॉक्स’ या विनिमय केंद्राने चलन काढणे थांबविताना हेच कारण दिले. तथापि, त्याच वर्षी झ्युरिकच्या ईटीएच संस्थेतील डेकर व वॉटनहोफर यांनी तेथील प्रचंड तूट केवळ या दोषाने स्पष्ट होत नसल्याचे दाखविले.

नवी रचना :
२४ ऑगस्ट २०१७ रोजी ‘सेगविट’ ही सुधारणा लागू झाली. तीनुसार स्वाक्षरी ‘विटनेस’ म्हणजे साक्ष या स्वतंत्र भागात जाते व व्यवहार क्रमांक हा भाग वगळून काढला जातो. साक्षीसह काढलेल्या दुसऱ्या क्रमांकांचे सार ब्लॉकच्या पहिल्या व्यवहारात नोंदविले जाते; त्यामुळे स्वाक्षऱ्या वेगळ्या होऊनही ब्लॉकशी बांधलेल्या राहतात. पूर्वीच्या १० लाख बाइटच्या मर्यादेऐवजी ४० लाख भार-एककांची मर्यादा आली. साक्षीचा बाइट एक एकक, तर इतर बाइट चार एकके मोजला जातो. जुन्या संगणकप्रणालींना साक्षविरहित नोंद मिळत असल्याने त्यांनाही हे ब्लॉक ग्राह्य ठरतात. नोव्हेंबर २०२१ मधील ‘टॅपरूट’ सुधारणेतील ६४ बाइटची श्नॉर स्वाक्षरीही साक्षभागातच असते.

निष्कर्ष :
क्रमांक स्थिर झाल्याने अप्रसिद्ध व्यवहारावर पुढील व्यवहार निर्धास्तपणे रचता येतो; ‘लाइटनिंग’ ही जलद देयक व्यवस्था यावरच उभी आहे. जुन्या रचनेतील व्यवहार आजही वैध असले, तरी त्यांना हे संरक्षण लाभत नाही. व्यवहाराची ओळख त्याच्या आशयावरून ठरावी, पुराव्याच्या बाह्यरूपावरून नव्हे, हे तत्त्व या स्थानांतरामागे आहे.